एक नंबर मोठे हील्स आणि ‘मॅनेज कर ना’

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

डोंबिवलीत राहणारी ही तेवीस वर्षांची मुलगी तीन वर्षांपासून मुंबईत फ्रीलान्स रॅम्प मॉडेल म्हणून काम करते. गेल्या महिन्यात लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात शो होता. तिला एक नंबर मोठे हील्स मिळाले. आदल्या दिवशी फिटिंगला तिने ते सांगितलं, तर उत्तर आलं, ‘मॅनेज कर ना, दोनच राउंड आहेत.’ शोच्या रात्री चकचकीत अ‍ॅक्रिलिकच्या रॅम्पवर धुराचं मशीन सोडलं होतं. दुसऱ्या राउंडला टर्न घेताना तिचा पाय वळला. त्याच पायावर ती हसत आत आली. एक्स-रेत पावलाच्या बाहेरच्या कडेच्या हाडाला फ्रॅक्चर निघालं. सहा आठवडे प्लास्टर आणि विश्रांती; दोन शो आणि एक कॅटलॉग शूट हातचं गेलं. दवाखान्यात आई सोबत होती, म्हणून डॉक्टरांना तिने ‘स्टेशनच्या जिन्यावर घसरले’ असं सांगितलं. डिझायनरने फुलं पाठवली. कामं मिळवून देणारा को-ऑर्डिनेटर म्हणतो, विषय वाढवू नको, उगाच नाव खराब होईल. पाचव्या आठवड्यात ब्रायडल शो आहे, ‘तुला ब्लॉक हील देतो, चालशील.’ ती विचारते: तक्रार करू की गप्प बसू? कुठल्याही शूजमध्ये चालणं हेच माझं काम नाही का? आणि घरी खरं सांगायचं का?

प्रिय मैत्रिणी,

तू अपघाताची वेळ रात्री साडेनऊ लिहिली आहेस. मला तो आदल्या दिवशी दुपारी, फिटिंगच्या खोलीत झाला असं वाटतं. शूज मोठे आहेत हे तुला कळलं होतं, तू ते तोंडाने सांगितलंही होतंस आणि समोरच्याने ते ऐकून सोडून दिलं. रात्री जे झालं तो त्याचा हिशेब होता. हे आधी लिहिते, कारण तुझ्या पत्रात चार ठिकाणी ‘माझाच पाय नीट पडला नाही’ असं आलं आहे.

कुठल्याही शूजमध्ये चालणं हेच तुझं काम नाही का, हा प्रश्न तू एकटीने तयार केलेला नाही. तुमचा सगळा धंदाच तसं मानून चालतो. पॅरिसमध्ये १९९३ साली डिझायनर व्हिव्हियन वेस्टवूडच्या शोमध्ये नओमी कॅम्पबेल वीतभर उंच प्लॅटफॉर्म शूजवरून कोसळली, बसल्या बसल्या हसली, उठली आणि पुढे चालली. तो फोटो जगभर फिरला आणि ते शूज आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. तेव्हापासून पडून हसणारी मॉडेल म्हणजे खरी प्रोफेशनल, असा एक पाठच पडून गेला. पण ती तेव्हाच जगातली एक सर्वात मोठी मॉडेल होती. पडल्यानंतर पुढचं काम मिळेल का, हा घोर तिला नव्हता. तुला आहे. तिचं हसू तुझ्याकडून मागायचं आणि तिचं मानधन मात्र द्यायचं नाही, हा व्यवहार काही बरोबरीचा नाही.

अवघड शूजमध्ये चालणं हे तुझं कौशल्य आहे, मान्य. पण अवघड आणि असुरक्षित यांत फरक आहे. सहा इंची टाच अवघड असते. पायात बसणारी असेल, घोट्याला पट्टा असेल आणि ती घालून रॅम्पवर एक फेरी मारायला मिळाली असेल तर ती तू पेलतेस. एक नंबर मोठा शूज असुरक्षित असतो, कारण पाऊल आतल्या आत सरकतं आणि टाच नेमकी कुठे टेकणार हे तुझ्या हातात राहत नाही. त्यात खाली अ‍ॅक्रिलिक, त्यावर धूर. धुराच्या मशीनमधलं द्रव जमिनीवर बारीक निसरडा थर सोडतं, आणि ड्राय आइस वापरला तर थंडीने फरशीवर पाणी धरतं. टर्नला सगळं वजन एका पायाच्या चवड्यावर येतं. पाय आत वळला की पावलाच्या बाहेरच्या कडेचं हाड तुटणं ही हाडांच्या डॉक्टरांना रोज दिसणारी गोष्ट आहे. यात तुझ्या कौशल्याचा प्रश्न येतोच कुठे?

मुळात रॅम्प म्हणजे काय, हे प्रेक्षकांच्या खुर्चीतून कळत नाही. तो रातोरात उभा केलेला लाकडाचा आणि लोखंडाचा मांडव आहे. डोक्यावर ट्रस म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर जड लाइट, खाली वायरींचं जाळं, मागे काळ्या कापडाचं मास्किंग. ११ जून २०२३ ला नोएडाच्या फिल्म सिटीत एका फॅशन शोमध्ये लाइटचा लोखंडी ट्रस कोसळला आणि २४ वर्षांची मॉडेल गेली. आणखी एक जण जखमी झाला. पोलिसांनी आयोजकांना आणि लाइट लावणाऱ्यांना ताब्यात घेतलं. त्या मुलीच्या चालण्यात काय चूक होती?

आपल्या मुंबईचं आणखी वेगळं. २००६ मध्ये इथल्या फॅशन वीकमध्ये रॅम्पवर एका मॉडेलचा कपडा सुटला, तर विधानसभेत गदारोळ झाला आणि सरकारने चौकशी लावली. चौकशी कशाची, तर ते मुद्दाम केलं का याची. रॅम्पवरच्या बाईच्या कपड्यांची काळजी राज्याला तातडीने वाटते, तिच्या घोट्याची वाटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आता तक्रारीकडे येऊ. तू दोनच दारं पाहते आहेस: एकात इन्स्टाग्रामवर नाव घेऊन पोस्ट, दुसऱ्यात आयुष्यभर गप्प. पोस्टचा मोह मला समजतो. पण पोस्टने पहिले दोन दिवस लाइक मिळतील आणि तिसऱ्या दिवसापासून तुझ्याशी बोलणं वकिलामार्फत सुरू होईल. पोलिसांचा मार्गही आहे. निष्काळजीपणाने दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे आणि फ्रॅक्चर ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. ट्रस पडला असता, कुणाला शॉक लागला असता, तर मी तुला आधी पोलिस ठाण्यात जा म्हटलं असतं. तुझ्या बाबतीत तो पर्याय राखून ठेव, आज वापरू नकोस. तुला आज हवं आहे ते औषधपाण्याचा खर्च, बुडालेली कमाई, आणि पुढच्या वेळी शूज मापाचे. त्यासाठी तिसरं दार आहे: शांत भाषेतलं, लेखी, रक्कम मागणारं एक पत्र. ते आयोजक कंपनीला, प्रत डिझायनरच्या ऑफिसला आणि को-ऑर्डिनेटरला. काय झालं, केव्हा सांगितलं होतं, किती खर्च आला, कोणती कामं गेली. रागाचं एकही विशेषण नको. बिलं जोड आणि पंधरा दिवसांची मुदत दे.

‘मी फ्रीलान्स, मला कसला हक्क’ असं तू लिहितेस. अर्धं खरं आहे. कामामुळे आणि काम करताना झालेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कायद्यापासून आहे आणि आता ते सामाजिक सुरक्षा संहितेत आलं आहे. पण तू त्या अर्थाने ‘कर्मचारी’ ठरतेस का, यावर समोरचा वकील नक्की भांडेल आणि एका रात्रीच्या कामासाठी ते सिद्ध करणं सोपं नाही. फक्त तिथेच सगळं संपत नाही. ज्याने जागा उभारली आणि माणसांना तिथे कामाला बोलावलं, त्याने वाजवी काळजी घ्यायची असते. ही जबाबदारी तू पगारी आहेस की फ्रीलान्स यावर अवलंबून नसते. कोर्टात वर्षं जातात हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. पण हे ठाऊक असलेल्या माणसाचं पत्र वेगळं वाचलं जातं. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. १५१०० ही त्यांची हेल्पलाइन. पत्र पाठवण्याआधी तिथल्या वकिलाच्या नजरेखालून घाल.

आता पुराव्याचं, आणि इथे मला तुझी काळजी वाटते. तुझ्या केस पेपरवर काय लिहिलं आहे? ‘जिन्यावरून घसरून पडली.’ तू आईसाठी जे बोललीस ते डॉक्टरांच्या अक्षरात कायम झालं आहे. आयोजकाच्या वकिलाला यापेक्षा चांगली भेट मिळणार नाही. विमा कंपनीलाही. म्हणून घरी सांगायचं का, हा तुझा तिसरा प्रश्न मला पहिल्या दोनांपासून वेगळा काढता येत नाही. पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा डॉक्टरांना खरं सांग: अमुक तारखेला, शोमध्ये, मोठ्या हील्समध्ये, धूर सोडलेल्या रॅम्पवर. आधीची नोंद खोडायला सांगू नकोस. आजच्या तारखेची नवीन नोंद करून घे आणि आधी वेगळं का सांगितलं तेही त्यात येऊ दे. आणि तिथे आई पुन्हा शेजारी बसलेली असेल, तेव्हा त्याच्या आदल्या रात्री तिच्याशी बोललेलं बरं. ती म्हणेल, ‘मी सांगत होते ना.’ म्हणू दे. ते ऐकून घ्यायला दहा मिनिटं लागतात. नंतर तिला फिटिंगच्या दुपारबद्दल सांग. आपल्या आया पाय घसरण्यावर रागावतात, पण आपल्या मुलीचं म्हणणं कुणी ऐकलं नाही हे कळल्यावर त्यांचा राग दिशा बदलतो. हे माझं निरीक्षण आहे, हमी नव्हे.

बाकी पुरावा तुझ्या फोनमध्येच आहे. फिटिंगच्या फोटोत टाचेमागची फट दिसत असेल. कॉल टाइमचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, लाइन-अपचा फोटो, पाय वळतो ती रील कुणीतरी टाकलेली असणारच, ती उतरवून घे. अशा रील अचानक गायब होतात. मानधनातून टीडीएस कापला असेल तर कापणाऱ्या कंपनीचं नाव तुझ्या २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या नोंदपत्रकात, येतं. त्या रात्री तू तिथे कामावर होतीस आणि पैसे कुणी दिले, याची ती सरकारी नोंद. आणि त्याच शोमध्ये आणखी दोघी घसरल्या, असं तू ओझरतं लिहिलं आहेस. त्यांच्याशी बोललीस का? एकीचं पत्र म्हणजे नखरा समजतात, तिघींचं पत्र म्हणजे रॅम्पची तक्रार होते.

को-ऑर्डिनेटर ‘नाव खराब होईल’ म्हणतो, ती भीती मी उडवून लावणार नाही. हा धंदा ओळखीवर चालतो आणि ‘ती कटकटी आहे’ हे वाक्य अंधेरीच्या एका कॉफी शॉपमधून दुसऱ्यात जायला संध्याकाळही लागत नाही. एखादं काम जाईलही. पण तो तुझ्या प्रत्येक कामावर कमिशन घेतो. कमिशन ज्या कामावर, त्या कामाची काळजीही थोडी त्याच्याकडे यायला हवी. त्याला विचार: आयोजकाने शोचा विमा काढला होता का, त्यात मॉडेल धरल्या होत्या का? उत्तर नसलं तरी प्रश्न मेसेजमध्ये राहील. न्यूयॉर्कमध्ये जून २०२५ पासून मॉडेल्ससाठी वेगळा कायदा लागू झाला: आठ तासांवरच्या कामाला जादा दराने पैसे, जेवणाची सुट्टी, क्लायंटने विमा बाळगायचा. तो कुणी दयेने दिलेला नाही, २०१२ मध्ये स्थापन झालेली मॉडेल्सची एक संघटना त्यामागे होती. इथे सुरुवात तीन मुलींच्या पत्राने व्हायला हरकत नाही.

आता पुढच्या शोंचं. हे तुझ्यासारख्या आणखी दहा जणी वाचत असतील म्हणून सविस्तर लिहिते. बोलायची वेळ पुढे आण. शोच्या रात्री हेअर-मेकअप झालेला, दार उघडायला पाच मिनिटं, तेव्हा कुणीच कुणाचं ऐकत नाही आणि तेव्हा बोलायला धैर्य लागतं. फिटिंगला बोलायला धैर्य कमी लागतं, बुकिंगच्या मेसेजमध्ये तर जवळजवळ लागतच नाही. बुकिंग पक्कं करतानाच लिही: ‘माझा शूजचा नंबर ३८. टेक रन शोच्या शूजमध्ये मिळेल ना?’ (टेक रन म्हणजे शोआधीची लाइट-संगीतासह तालीम.) एवढंच. फिटिंगला शूज मोठे निघाले तर तिथेच फोटो काढून पाठव: ‘हे मोठे आहेत. ३८ मिळेल, की मी माझे काळे घेऊन येऊ?’ पर्याय पुढे ठेवला की माणसं चटकन हो म्हणतात. अगदीच अडलं तर आत टाचेला पॅड, बोटांकडे फोम, तळव्याला दुहेरी टेप, घोट्याला पारदर्शक पट्टा. नव्या गुळगुळीत सोलला सँडपेपर मारून खरखरीत करणं हा जुना इलाज आहे, शूज परत करायचे असतील तर स्टायलिस्टला विचारून. पण दोन नंबरांचा फरक कुठल्याही टेपने भरत नाही, तिथे ‘या शूजमध्ये मी चालणार नाही’ हेच उत्तर.

हे कुणाला सांगायचं हेही महत्त्वाचं. डिझायनर त्या दिवशी कपड्यांत बुडालेला असतो, त्याला शिवण दिसते, तुझा पाय दिसत नाही. शो कोरिओग्राफरला मात्र रॅम्पवर कुणी पडलेलं नको असतं, त्याचंच नाव जातं. धूर कोणत्या राउंडला सोडणार, रॅम्पवरचं प्लास्टिक कधी काढणार, काढल्यावर कोरडा पोछा कोण मारणार, मागच्या पायऱ्यांच्या कडेला चमकणारी टेप लावली आहे का, हे त्याला विचार. लखलखीत लाइटमधून अंधाऱ्या बॅकस्टेजला आलं की काही क्षण काहीच दिसत नाही आणि पायऱ्या नेमक्या तिथेच असतात. दहा-बारा किलोंचा लेहंगा घालून पायरी दिसणं तर सोडच.

ग्रीनरूममध्ये गेल्यावर पहिलं काम: दुसरी वाट कुठे आहे ते बघ आणि तिच्यासमोर कपड्यांचे रॅक लावले नाहीत ना ते बघ. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर चार हेअर आयर्न, एक स्टीमर आणि शेजारी हेअर स्प्रे, हे दृश्य तुला माझ्यापेक्षा जास्त ओळखीचं आहे. तुझा शो ज्या भागात झाला तिथेच, कमला मिल्सच्या आवारात, २९ डिसेंबर २०१७ च्या आगीत १४ माणसं गेली.

कपडे बदलायच्या जागी कुणी फोन घेऊन घुटमळत असेल तर तोही सुरक्षेचाच प्रश्न आहे. चोरून फोटो काढणं हा गुन्हा आहे. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यातली ‘पीडित महिला’ त्या कंपनीची नोकर असलीच पाहिजे असं नाही, त्यामुळे फ्रीलान्स असणं तिथे आड येत नाही. तक्रारीची मुदत साधारण तीन महिने, म्हणून ‘बघू नंतर’ नको.

तू एका ओळीत लिहून गेलीस की कॉल टाइम सकाळी अकराचा होता आणि शोपर्यंत पोटात ब्लॅक कॉफी आणि अर्धं केळं. ती ओळ मला आवडली नाही. उरुग्वेत ऑगस्ट २००६ मध्ये एक मॉडेल रॅम्पवरून उतरली आणि तिचा मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात माद्रिदच्या फॅशन वीकने १८ पेक्षा कमी बीएमआय असलेल्या मुलींना रॅम्पवर मनाई केली. म्हणजे पावणेसहा फुटांच्या मुलीचं वजन निदान ५५ किलो हवं. उपाशी पोटी तोल जातो, हे सांगायला मात्र माद्रिदला जायची गरज नाही. डबा घेऊन जा. पोळी-भाजीने लेहंग्याचा हुक अडत नाही.

विम्याचं झटपट. पंतप्रधान सुरक्षा विमा योजना बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत मिळते. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी ती आहे. तुझ्या फ्रॅक्चरला तिचा उपयोग नाही, तरी घेऊन ठेव. तुझ्या कामाला लागते ती वैयक्तिक अपघात पॉलिसी, ज्यात काम थांबलं तर आठवड्याला ठरलेली रक्कम मिळते. ते कलम आहे का हे विचारूनच घे आणि फॉर्मवर व्यवसाय ‘मॉडेल’ असाच लिही. ‘विद्यार्थिनी’ लिहिलंस तर नेमक्या वेळी क्लेम अडकेल.

राहिला पाचव्या आठवड्यातला ब्रायडल शो. ब्लॉक हील ऐकायला दिलासा वाटतो, पण टाच रुंद झाल्याने हाड लवकर जुळत नाही आणि लेहंग्याचं वजन त्याच पायावर येणार आहे. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले आहेत. त्यानंतरही प्लास्टर निघालं म्हणजे हील्स चालू, असं नसतं. घोट्याची ताकद आणि एका पायावरचा तोल परत यायला व्यायाम लागतो आणि तो फिजिओथेरपिस्टकडून शिकायचा असतो. को-ऑर्डिनेटरला आजच कळव, म्हणजे त्याला दुसरी मुलगी शोधायला वेळ मिळेल आणि ऐन वेळी नाही म्हटल्याचा ठपका तुझ्यावर येणार नाही: ‘डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट मिळेपर्यंत हील्सचं काम घेत नाही. बसून करायचं शूट असेल तर सांगा: दागिने, मेकअप, काहीही.’ मुंबईत दागिन्यांची कामं बारा महिने निघतात आणि त्यात कॅमेरा गळ्याच्या खाली फारसा उतरत नाही.